मेलेल्या घोड्याची चाल

उत्तर न दिलेलं ते पत्र कुठे आहे, हे ग्रंथपालांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, जाडजूड नकाशासंग्रहात, वाळवंटांच्या पानांमध्ये. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हातात नेमकं हवं ते पुस्तक ठेवलं होतं. एखादी वस्तू कुणाच्याच हाती लागू नये म्हणून कुठे ठेवायची, हेही त्यांना तितकंच नेमकं कळत होतं. वाळवंटांची पानं घरात कोण उघडणार?

पत्र चौदा महिन्यांपूर्वीचं होतं आणि लिहिणारा होता घड्याळवाला. हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. लांबच्या एका गावात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गेली एकतीस वर्षं दोघं पत्राने बुद्धिबळ खेळत होते. पटावरच्या घरांना त्यांनी एक ते चौसष्ट असे आकडे दिले होते. एका पत्रात एकच चाल, आणि चालीभोवती गुडघेदुखी, पुस्तकं, सुना-नातवंडं असा बाकीचा संसार. नियम दोनच. पहिला, डाव पत्रातच चालायचा, फोनवर त्याचं नाव काढायचं नाही. दुसरा, ज्याची चाल त्यानेच लिहायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं. त्यामुळे एकाने तोंड शिवलं की दुसऱ्याला आपोआप मौनव्रत.

ग्रंथपालांनी शेवटची चाल पाठवली होती ती अशी: घोडा, सदतीसवरून त्रेचाळीसवर. त्यावर घड्याळवाल्याचं उत्तर आलं.

‘लेका, सदतीसवरचा तुझा घोडा मी आधीच्याच पत्रात खाल्ला. माझा हत्ती तिथे पाय पसरून बसलाय. तुझे घोडे आता मेल्यावरही चालायला लागले असतील, तर मी शस्त्र खाली ठेवतो. दुसरी चाल पाठव. सावकाश पाठव. गुडघा कसा आहे?’

दुसरा कुणी पोट धरून हसला असता. ग्रंथपालांच्या पाचावर धारण बसली. मुळात हा माणूस स्वतःवर फारसा विश्वास न ठेवणारा. कुलूप लावून परत येऊन ओढून बघणारा, आणि ओढून बघितलं होतं का, हे बघायला पुन्हा येणारा. त्यात गेल्या काही महिन्यांत शेजाऱ्याचं नाव ऐन बोलताना हरवलं होतं, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला होता. आपण काय काय विसरतो हे एका वहीत लिहून ठेवायला त्यांनी सुरुवात केली होती. पुढे ती वही कुठे ठेवली तेच आठवेना, आणि हा सगळ्यात मोठा पुरावा नोंदवायचा कुठे, असा पेच पडला. त्यातच हा मेलेला घोडा.

दुसरी चाल पाठवावी, आणि तीही चुकली तर? मग घड्याळवाला हसणार नाही. तो जपून लिहील, गोड गोड लिहील, आजारी माणसाला लिहितात तसं. त्या पत्राची ग्रंथपालांना जास्त भीती होती. उत्तरच दिलं नाही तर आपण फार तर आळशी ठरू. आळशी ठरणं परवडलं. त्यांनी पत्र वाळवंटात पुरलं, मोहरे डबीत भरले, पट कपाटावर चढवला. बायकोने दोनदा विचारलं, “अहो, डाव कुठवर आला?” ते म्हणाले, “चाललाय.” बायकोने कपाटावर चढलेल्या पटाकडे एक नजर टाकली.

सूनबाईंचं काम निराळंच होतं. त्या एका प्रयोगशाळेत माणसांच्या कपाळाला दिव्यांची पट्टी बांधून त्यांना कोडी घालत. बायको शेजारणींना सांगताना म्हणायची, “आमची सून लोकांच्या डोक्यात उजेड पाडते.” एका सकाळी चहा घेताना सूनबाई म्हणाल्या, “बाबा, नवीन पट्टी आली आहे. वयस्कर माणसाच्या कपाळावर ती नीट बसते का, ते पाहायचंय. आज येणारे गृहस्थ सर्दीने झोपलेत. तुम्ही याल का तासभर?”

“घरचा माणूस चालतो?” ग्रंथपालांनी निसटायची वाट शोधली.

“तुमचे आकडे अभ्यासात धरणार नाही. फक्त पट्टी बघायची आहे.”

“जा की,” बायको म्हणाली. “तुमचं कपाळ मागे मानेपर्यंत गेलंय. पट्टी कुठेही बसेल.”

“आई, खरंच सोय आहे ती. केस मध्ये आले की उजेड अडतो. टक्कल असलेला माणूस आला की आम्ही मनातल्या मनात खूश होतो.”

“घ्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी त्याचा उपयोग झाला.”

ग्रंथपाल हसले आणि हो म्हणाले. पण त्यांच्या हो म्हणण्यात एक चोरटा हेतू होता. पट्टी बसते की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आपल्या डोक्यात अजून काही शिल्लक आहे का, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. शिल्लक असेल तर घड्याळवाल्याला लिहायचं. नसेल तर नकाशासंग्रह कायमचा मिटायचा.

प्रयोगशाळेची खोली लहान होती आणि खिडकीला काळा पडदा होता. एक खुर्ची, समोर आकडे दाखवणारा पांढरा पडदा, टेबलावर दोन बटणं. सूनबाईंनी त्यांचं कपाळ ओल्या कापसाने पुसलं आणि मऊ काळी पट्टी बांधली. पट्टीच्या आतल्या बाजूला मुगाएवढे दिवे आणि त्यांच्यामध्ये तेवढेच छोटे टिपणारे डोळे.

“दुखेल का?”

“ऊबही लागणार नाही. हा प्रकाश दिसतसुद्धा नाही. कपाळातून बोटाच्या पेराएवढा आत जातो, त्यातला थोडा परत येतो. मेंदूच्या ज्या भागाला काम पडतं, तिथे ताजं रक्त धावतं. ताजं रक्त आणि शिळं रक्त प्रकाश वेगवेगळा गिळतात. त्यावरून आम्ही काम कुठे चाललंय ते ओळखतो.”

“म्हणजे स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ दिसली की आत काहीतरी शिजतंय.”

“अगदी तसंच. काय शिजतंय ते मात्र कळत नाही,” सूनबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टीवरून काळं कापड गुंडाळलं. “अर्धं मिनिट आकडे येतील. समोरचा आकडा दोन आकड्यांपूर्वी आला होता तसाच असेल तर उजवं बटण, नाहीतर डावं. मग अर्धं मिनिट नुसती फुली दिसेल. तेव्हा फुलीकडे बघत स्वस्थ बसायचं. काही विचार करायचा नाही. असं आठ वेळा.”

आकडे सुरू झाले. सात, तीन, सात. उजवं. नऊ, पाच. डावं. ग्रंथपालांचा जीव कानाकोपऱ्यातून गोळा होऊन बोटांत आला. चुका झाल्या, किती ते कळलं नाही. मग पडद्यावर फुली आली आणि खोली शांत झाली.

काही विचार करायचा नाही, असं सांगितल्यावर माणसाचं मन नेमकं तिथेच जातं जिथे जायला बंदी आहे. दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या. त्या रेघा चारी बाजूंना लांबल्या, त्यांना शेजारी रेघा फुटल्या, आणि बघता बघता ग्रंथपालांसमोर चौसष्ट घरांचा पट उभा राहिला. त्यावर तोच डाव. सदतीसवर घड्याळवाल्याचा हत्ती पाय पसरून बसलेला. घोडा पटाबाहेर, जिथे असायला हवा तिथे. चौदा महिने ज्याच्याकडे पाठ फिरवली होती, तो डाव तसाच्या तसा वाट बघत थांबला होता.

आकडे आले, पट गेला. फुली आली, पट परत आला. तिसऱ्या फुलीला त्यांनी आपली उजवी बाजू तपासली, चौथीला राजाभोवतीची जागा. सहाव्या फुलीला त्यांना दिसलं की दहाव्या घरातला आपला उंट तिरका सुटला तर सरळ सदतीसवर पोचतो. म्हणजे घोड्याला खाऊन बसलेला हत्तीच खाता येतो. सातव्या फुलीला त्यांनी ते पुन्हा तपासलं. आठवी फुली त्यांना फार लवकर संपली असं वाटलं.

पट्टी तशीच ठेवून सूनबाई शेजारच्या खोलीत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. तिथे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. ठसठशीत आवाज, आणि तो हळू करायची सवय नाही.

“कामात आणि विश्रांतीत काहीच फरक नाही,” सूनबाई पुटपुटल्या.

“पट्टी सैल असेल.”

“नाही. नाडीचे ठोके स्वच्छ दिसताहेत.”

“मग सपाट आहे म्हण. या वयात दिसतं असं कधीकधी.”

सपाट. ग्रंथपालांनी डोळे मिटले. एवढ्या सरळ शब्दात उत्तर मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आत जो उंट इतक्या थाटात तिरका सुटला होता, तो म्हणजे म्हाताऱ्याचा भास. वाफ नाही, शिजत काही नाही, भांडं रिकामं. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं? पट्टी छान बसली, एवढं सांगावं. ते खोटंही नव्हतं.

“थांब जरा,” आतून बाईंचाच आवाज आला. “फरक काढू नकोस. दोन्ही वेगवेगळं दाखव. हे बघ. सपाट कुठे आहे? तांबडी रेघ आकड्यांना चढते, फुलीला उतरायला हवी. इथे पहिल्या दोन फुल्यांना थोडी उतरते, मग उतरायचं सोडूनच देते. सहाव्या फुलीला बघ. आकड्यांपेक्षा वर गेली आहे.”

“वजाबाकीत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.”

“तुझ्या सासऱ्यांना विश्रांती घ्यायला सांगितली होतीस ना?”

“सांगितली होती.”

“मग जाऊन विचार, हे गृहस्थ विश्रांतीत करत काय होते.”

दोघी बाहेर आल्या. ग्रंथपाल वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे खुर्चीत आखडून बसले.

“बाबा, फुली दिसत असताना तुम्ही काय करत होता?”

“काही नाही.”

“खरं सांगा. आम्ही रागावणार नाही.”

“मी रागावणार आहे,” प्रमुख बाई म्हणाल्या. “पण सांगा.”

ग्रंथपालांनी खाली बघत सांगितलं. घोडा, हत्ती, उंट, चौदा महिने, सगळं. सूनबाईंनी आपली खुर्ची जवळ ओढली. प्रमुख बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि आठ उभ्या, आठ आडव्या रकान्यांचा पट आखला.

“सांगा. कोण कुठे उभं आहे?”

ग्रंथपालांनी डोळे मिटले आणि एकेक मोहरा सांगत गेले. बाई लिहीत गेल्या. एकवीस मोहरे झाले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काल दुपारी जेवणात काय होतं ते आठवत नाही.” मग सूनबाईंकडे वळून, “चुकलं कोण ते कळलं का? आपण. ‘काही विचार करू नका’ असं वाचनवेड्या माणसाला सांगायचं, आणि तो ऐकेल असं मानायचं. हा काय प्रयोग झाला? परत घे. फुलीला श्वास मोजायला सांग.”

परत घेतलं. ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे श्वास मोजले. उंट एकदोनदा डोकावला, त्याला त्यांनी परत पाठवलं. या वेळी तांबडी रेघ आकड्यांना चढली, फुलीला उतरली, शहाण्या मुलासारखी.

“म्हणजे,” ग्रंथपालांनी धीर करून विचारलं, “माझं डोकं ठीक आहे म्हणायचं?”

सूनबाईंना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा एक दोष होता. “बाबा, हे यंत्र तसा दाखला देत नाही. हुशारी मोजत नाही, विसरभोळेपणाही मोजत नाही. शंका असेल तर आपण डॉक्टरांकडे जाऊ, रीतसर तपासून घेऊ. मी येईन बरोबर. आज मला एवढंच सांगता येईल की तुम्हाला स्वस्थ बसायला सांगितलं होतं आणि तुम्ही बसला नाहीत.”

“हे तर आमच्या घरी यंत्राशिवायच माहीत आहे,” असं त्यांची बायको म्हणाली असती, असं ग्रंथपालांच्या मनात आलं. त्यांना हसू फुटलं. दाखला मिळाला नव्हता, तरी पायऱ्या उतरताना ते कठड्याला न धरता उतरले.

घरी येऊन त्यांनी स्टूल ओढलं आणि कपाटावरचा पट खाली काढला. बायको भाजी निवडता निवडता बाहेर आली. प्रमुख बाईंचा कागद समोर ठेवून त्यांनी मोहरे मांडले, आणि मग, चाळीस वर्षांच्या संसारात फार कमी वेळा केलं होतं ते केलं. सगळं सरळ सांगून टाकलं. वाळवंटातलं पत्रही काढून दाखवलं.

बायकोने पत्र वाचलं आणि घोड्यापाशी येऊन ती मनसोक्त हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “आणि त्यासाठी त्या माणसाला चौदा महिने टांगून ठेवलंत? दर आठवड्याला त्याची बायको फोनवर माझ्यापाशी रडते.”

“रडते? का?”

“पट मांडून ठेवलाय म्हणे त्यांनी जेवणाच्या टेबलावर. कुणाला हात लावू देत नाहीत. चौदा महिने बिचारी दोघं ओट्यापाशी उभ्याने जेवतात.”

“तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“पत्रातला डाव पत्रातच. फोनवर नाव काढायचं नाही. नियम तुमचेच. आम्ही दोघी फोनवर डावाबद्दल कधीच बोललो नाही, फक्त टेबलाबद्दल बोललो.”

घड्याळवाला रागावला नव्हता. विसरलाही नव्हता. त्याची चाल नव्हती म्हणून तो गप्प होता, एवढंच. पट मांडून, उभ्याने जेवत.

“लिहा त्यांना,” बायको म्हणाली. “सांगा, झाडझूड करताना बायकोने घोडा उचलून पटावर परत ठेवला, म्हणून घोटाळा झाला. माझ्यावर ढकला. मला काही फरक पडत नाही.”

ग्रंथपालांनी तिच्याकडे बघितलं. “नको,” ते म्हणाले. “घोडा मीच चालवला.”

“मग तसं लिहा. पण आधी चाल तरी नीट बघून घ्या.” ती जुन्या पत्रांचा गठ्ठा घेऊन खाली बसली आणि कागदाशी ताडून बघू लागली. तिला खेळ येत नसे, आकडे येत. वीस मोहरे जुळले. मग ती थांबली. “हे प्यादं तुम्ही वीसवर ठेवलंय. तुमच्या पत्रात तर ते एकोणिसावर आहे.”

ग्रंथपालांनी पत्र डोळ्यांजवळ धरलं. एकोणीस. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शाईत. त्यांनी प्यादं उचलून शेजारच्या घरात ठेवलं, आणि पट एकदम बदलला. दहावरून निघालेल्या उंटाच्या वाटेत, पहिल्याच पावलावर, आपलंच प्यादं. प्रयोगशाळेत सहाव्या फुलीला सापडलेली ती झोकदार चाल चालण्यासारखीच नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वी एवढ्यावरून हा माणूस कपाट बंद करून बसला होता. बायको हळूच म्हणाली, “एकच तर चुकलंय. एकवीसमधलं एक.”

ग्रंथपाल पटाकडे बघत राहिले. “उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच,” ते म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बायकोला वाटलं रडताहेत, म्हणून ती जवळ सरकली, तर ते हसत होते. हसता हसता त्यांनी ते प्यादं दोन बोटांत धरलं आणि एक घर पुढे सरकवलं. एकोणीसवरून सत्तावीसवर. उंटाची वाट मोकळी झाली.

“झालं?” बायकोने विचारलं.

“अर्धं झालं. आता उंट पुढच्या पत्रात हत्ती खाऊ शकतो. पण मध्ये त्याची चाल येते. त्याला डोळे असतील तर तो हत्ती हलवेल.”

“मग काय उपयोग?”

“त्याला लिहावं तर लागेल ना,” ग्रंथपाल म्हणाले.

त्यांनी टेबलाशी बसून लिहायला घेतलं. दोनदा कागद फाडला, कारण पहिल्यांदा क्षमेचं पान फार लांबलं आणि दुसऱ्यांदा फार विद्वान झालं. तिसऱ्यांदा त्यांनी हात आवरून लिहिलं.

‘मित्रा, घोडा मेला होता, हे कबूल. मी त्याला चालवला तो कुठल्याही डावपेचाने नव्हे, निव्वळ विसरलो म्हणून. मग घाबरलो, म्हणून गप्प बसलो. आज पट मनात मांडला तर एकवीसातलं एक प्यादं चुकलं. पुढेही चुकेल. चुकलं की तू आत्तासारखंच हसून सांगायचं, जपून सांगायचं नाही. माझी चाल: प्यादं, एकोणीसवरून सत्तावीसवर. वहिनींना टेबल एका जेवणापुरतं तरी मोकळं करून दे. मोहरे कुठे होते ते विसरलास तर मला विचार. गुडघा बरा आहे.’

शेवटून दुसरं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं आणि ‘मला विचार’ हे शब्द आपण खरंच लिहिले का, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं.

सूनबाई संध्याकाळी कामावरून परतल्या तेव्हा सासू-सासरे बाहेर पडायच्या तयारीत होते. “दोघं कुठे निघालात?”

“तुझे सासरे वरातीमागून घोडं नेताहेत,” बायको म्हणाली. “मी बरोबर जाते. नाहीतर पेटीपाशी उभे राहून परत यायचे.”

पत्रपेटी गल्लीच्या तोंडाशी, बेकरीला लागून होती. ऊन उतरलं होतं, भाजलेल्या पावाचा वास रस्त्यावर पसरला होता. ग्रंथपालांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. पत्ता आहे, तिकीट आहे. पुन्हा पाकीट उघडून प्यादं एकोणीसवरून निघतंय का, ते बघावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं आणि सोडलं. आत पडल्याचा हलका आवाज आला.

एरवी ते बोट घालून खरंच पडलं का ते चाचपत. आज त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि विचारलं, “पाव घ्यायचा का?”